वादळात लाईट गेली, तरी जेवण झालंच पाहिजे! श्रीवर्धनच्या किनाऱ्यावरून

आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघीला उतरलात की रस्ता दिवेआगर, श्रीवर्धन आणि हरिहरेश्वरकडे जातो. आपल्यापैकी बहुतेकांना ही नावं सुट्टीची वाटतात: सुरूची झाडं, स्वच्छ वाळू, उकडीचे मोदक. पण या किनाऱ्याने आपल्याला आणखी एक गोष्ट शिकवली आहे. वीज नसताना घर कसं जेवतं?

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यात जमिनीवर आलं. वारा ताशी १०० किलोमीटरहून जास्त वेगाने वाहत होता. श्रीवर्धनची रोठा सुपारी प्रसिद्ध आहे. तिच्या बागा आडव्या झाल्या, नारळ उन्मळून पडले, घरांची कौलं उडाली. विजेचे खांब तर रांगेने कोसळले. काही गावांना वीज परत यायला आठवडे लागले, आणि त्यात लॉकडाऊनही होतं.

आता जरा आपल्या स्वयंपाकघराकडे पाहा. मिक्सर, फ्रीज, इंडक्शन, पाण्याचा पंप. लाईट गेली की हे सगळं एकाच वेळी गप्प होतं. कोकणातल्या जुन्या घरात मात्र विळी असते, पाटा-वरवंटा असतो, विहिरीवर रहाट असतो. शिवाय पावसाळ्याची बेगमी मे महिन्यातच झालेली असते. कुळीथ पीठ, पोह्याचे पापड, सुके बोंबील, आमसुलं, मेतकूट, फणसपोळी यातल्या कशालाच फ्रीज लागत नाही.

वारा जोरात असताना काय खायचं?

वादळ अगदी डोक्यावर असताना आग पेटवूच नका. यावर कोकणाचं उत्तर आहे दडपे पोहे! पातळ पोहे, खवलेला ओला नारळ, बारीक चिरलेला कांदा, मिरची, कोथिंबीर, मीठ, साखर आणि लिंबू. वरून नारळाचं पाणी शिंपडून दहा-पंधरा मिनिटं झाकून ठेवा. फोडणी नसली तरी चालते. सोबत शेंगदाण्याचे लाडू असले की मुलंही खूश.

वारा ओसरल्यावर

गॅसच्या शेगडीला वीज लागत नाही, फक्त काडेपेटी कोरडी हवी. ती झाकणाच्या डब्यात ठेवा. एकाच भांड्यात होणारं शिजवा, म्हणजे गॅस आणि पाणी दोन्ही वाचतं. उकड्या तांदळाची पेज, कुळथाचं पिठलं आणि भात, मुगाची खिचडी. एका वेळी संपेल एवढंच करा, कारण उरलेला भात दमट हवेत लवकर बिघडतो. फ्रीजचं दार उघडू नका. बंद फ्रीज साधारण चार तास थंड राहतो. त्यानंतर दूध, मासे आणि शिजवलेल्या भाज्यांवर भरवसा ठेवू नका. पिण्याचं पाणी खळखळून उकळूनच घ्या, कारण पुराचं पाणी विहिरीत उतरलेलं असू शकतं.

सगळ्यात महत्त्वाचं

गॅस संपला तर काय? गावात लोक चूल पेटवतात. पडलेल्या झावळ्या, नारळाची सोडणं, करवंट्या यांचं सरपण होतं. पण एक फरक नीट समजून घ्या. जुन्या घरातली चूल बहुतेक मागच्या पडवीत असते, आणि धूर कौलांच्या फटींतून वर निघून जातो. ते घर श्वास घेतं. आपला फ्लॅट तसा नसतो. वर स्लॅब, बाजूला सरकत्या काचा, आणि वादळामुळे त्याही गच्च लावलेल्या.

अशा बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवली तर कार्बन मोनॉक्साईड साठतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन सोडून त्यालाच धरून बसतं. आधी डोकं दुखतं, मग चक्कर, मळमळ, गुंगी येते. झोपेतला माणूस उठतच नाही. लहान मुलं, गर्भवती आणि वृद्धांना धोका जास्त. म्हणून शेगडी किंवा चूल घरात नाही, मोकळ्या हवेतच. धूर दिसत नसला, निखारे नुसते लाल असले तरीही! जनरेटरही घरात, जिन्यात किंवा खिडकीजवळ नको. कुणाला त्रास वाटला तर आधी बाहेर मोकळ्या हवेत न्या आणि लगेच दवाखाना गाठा.

गॅसचा वास आला तर काडी पेटवू नका, बटणांना हात लावू नका. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साठतो. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर जा आणि १९०६ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा.

तिकडे गेलात तर

सुपारीचं नवं झाड फळ द्यायला अनेक वर्षं घेतं. त्यामुळे त्या एका दुपारचा हिशोब अजून कित्येक घरांत मिटलेला नाही. म्हणून दिवेआगर-श्रीवर्धनला जाल तेव्हा घरगुती खानावळीत जेवा, आणि परतताना तिथलीच आमसुलं, पापड, कुळीथ पीठ विकत घ्या. त्यांना चार पैसे मिळतील. तुम्ही मुंबईत असा, चेन्नईत किंवा भुवनेश्वरला, पुढच्या वादळाआधी तुमच्या घरातही एक डबा भरलेला असेल.