गोळी आणि सुई

२७ ऑक्टोबर, सोमवार

दिवाळी उरकली. घरभेटी पुन्हा सुरू. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म भरायचा. वय, कंबर, तंबाखू, दारू, चालणं-फिरणं, घरात कुणाला शुगर-बीपी. गुण चारच्या वर गेले की तपासणीला पाठवायचं. बायकांची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत हवी, पुरुषांची ९० च्या. टेप काढली की बायका पदर सावरतात, पुरुष पोट आत ओढून धरतात.

बऱ्याच घरांत एकच उत्तर. "मला काही त्रास नाही, मग कशाला तपासू?" त्रास व्हायच्या आधीच तपासायचं असतं. दिवसभर हेच बोलले.

२८ ऑक्टोबर

ह्यांचा फॉर्म भरला. वय ४१, दोन गुण. कंबर ९४, एक. व्यायाम नाही, एक. सासऱ्यांना शुगर होती, दोन. बेरीज सहा.

"मी बारीक आहे. मला काय होतंय," म्हणाले आणि पांघरूण ओढून झोपले. तिसरी पाळी. रात्री ११ ते सकाळी ७. हातपाय काटकुळे, पोट तेवढं पुढे.

३० ऑक्टोबर

सुखना नदीकडच्या गल्लीत गेले. आजींच्या शुगरच्या गोळ्या संपल्यात का, एवढंच विचारायचं होतं. नात दारात बसलेली. नऊ वर्षांची. दिवाळीचा फ्रॉक खांद्यावरून उतरत होता. शिवला तेव्हा अंगाबरोबर होता, असं आई म्हणाली. तांब्याभर पाणी प्यायली, लगेच दुसरा मागितला. रात्री अंथरूण ओलं करते, इतक्या वर्षांनी. आजी म्हणाल्या, मोरीत मुंग्या लागतात.

सिस्टर बरोबर होत्या. बोटाला सुई टोचली, पट्टीवर थेंब घेतला. यंत्रावर आकडाच आला नाही, "हाय" एवढी अक्षरं आली. सहाशेच्या वर ते मोजत नाही. पोरीच्या तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास. श्वास खोल, भरभर.

रिक्षा. मिनी घाटी रुग्णालय. तिथून लगेच मोठ्या घाटी रुग्णालयात.

३१ ऑक्टोबर

अतिदक्षता विभाग. रक्त आम्लधर्मी झालं होतं. सलाईन, इन्सुलिन, तासातासाला तपासणी. आई बाहेर जिन्यावर.

१ नोव्हेंबर

उठून बसली. टाइप १.

३ नोव्हेंबर, सोमवार

प्रशिक्षणातली जुनी वही काढली. ह्यांच्यासाठी.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन. २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये दोघांचा शेजारी शेजारी फोटो छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. काट्यावर वजन बेताचं, आत चरबी दुपटीहून जास्त. आपल्याकडचा बारीक माणूस असा असू शकतो. ती चरबी पोटात, यकृताभोवती साठते. मग स्वतःचं इन्सुलिन असूनही नीट लागू पडत नाही. टाइप २ ची वाट तिथून सुरू होते.

ह्यांना वाचून दाखवलं. ऐकलं. बोलले काही नाहीत.

६ नोव्हेंबर

पोर घरी आली. पिशवीत बाटल्या, सिरिंज, यंत्र, पट्ट्या, वही. आईने कागदावर वेळा लिहून भिंतीला चिकटवल्यात.

एक गोष्ट तिथेच बसून पक्की करून घेतली. बाटली ४० युनिटची, तर सिरिंजही ४० चीच, लाल टोपीची. १०० च्या बाटलीला नारिंगी टोपीची. अदलाबदल झाली तर डोस अडीच पट किंवा अर्ध्याहून कमी. आईने तीनदा वाचलं, मग बाटलीचं लेबल आणि सिरिंजची टोपी उजेडात धरून मलाच दाखवली. बाटली फ्रिजच्या दारात, बर्फाच्या कप्प्यात नाही. टोचायची जागा रोज बदलायची. पोट, मांडी, पुन्हा पोट. एकाच जागी टोचलं तर गाठ होते आणि औषध नीट शोषलं जात नाही.

आजींचा प्रश्न तयारच होता. "आवं ताई, मला शुगर हाय, मी गोळी खाते. मंग पोरीला सुई कशाला? तिलाबी गोळी द्या."

मोंढ्यातलं सांगितलं. आजी, धान्याचा ट्रक दारात उभा आहे. तुमच्याकडे हमाल आहेत, पण थकलेत. गोळी त्यांच्याकडून काम करून घेते. पोरीकडे हमालच उरले नाहीत. धान्य दारात आणि घर उपाशी. हमाल बाहेरूनच आणावे लागतात, रोज.

"तेच गोळीतून आणा की."

इन्सुलिन हे प्रथिन. पोटात गेलं की पचून जातं. म्हणून सुई.

आजी गप्प. पटलं नाही.

९ नोव्हेंबर

शेजारणीने पोरीच्या आईला सुनावलं. लाडात गोड चारलं, भोगा आता. आई आज जेवली नाही.

तिच्याजवळ बसून सांगितलं. पुन्हा सांगेन, हजारदा सांगेन. टाइप १ गोड खाल्ल्याने होत नाही. शरीराची संरक्षण करणारी यंत्रणाच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटते आणि त्यांना संपवते. का उलटते, हे जगात कुणी पूर्ण सांगू शकलेलं नाही. आईचा दोष नाही. पोरीचा नाही. मला हे गल्लीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावंसं वाटतं.

टाइप २ मध्येही दोष द्यायचा नाही. पिढीजात असतं, पाळ्या असतात, झोप नसते, चालायला जागा नसते. पण तिथे हातात पुष्कळ असतं.

११ नोव्हेंबर

कमानीजवळची गरोदर सून. सहावा महिना. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून दिलं, दोन तासांनी रक्त घेतलं. १५८. मर्यादा १४०. घाबरली.

गरोदरपणातली शुगर वेगळी. वारेतून येणारी संप्रेरकं इन्सुलिनला अडवतात. आधी दोन आठवडे आहार, मग पुन्हा तपासणी. जमलं नाही तर औषध. बहुतेकींची बाळंतपणानंतर उतरते. पण सहा आठवड्यांनी तपासायचंच आणि पुढेही दरवर्षी, कारण अशा बायकांना टाइप २ चा धोका जास्त.

याज्ञिकांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांपासूनच अभ्यास सुरू केला होता. बाळ वजनाने लहान, तरी अंगात चरबी. मधुमेहाची सुरुवात आईच्या पोटात शोधणारा माणूस. सासूला म्हटलं, हिचं ताट आधी वाढा. सासूने मान हलवली. बघू.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

जागतिक मधुमेह दिन. आठवडी बाजार. टेबल लावलं.

कोथिंबीर विकणारी बाई, उभ्याउभ्या तपासली, ३१२. तिला माहीतच नव्हतं. "पाय जड वाटतात, एवढंच." चप्पल काढायला लावली. टाचेत काटा. तिला तो जाणवतच नव्हता. शुगर मज्जातंतू बधिर करते, जखम कळत नाही, मग चिघळते. काटा काढला, पट्टी बांधली, मिनी घाटीची चिठ्ठी दिली. म्हणाली, भाजी संपली की जाते. मी म्हटलं, भाजी मी बघते. गेली.

मधुमेह दिन याच तारखेला का, असं एका पोराने विचारलं. कॅनडाचे डॉ. फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१ चा. त्यांनी आणि चार्ल्स बेस्ट यांनी १९२१ मध्ये इन्सुलिन वेगळं केलं. जानेवारी १९२२ मध्ये टोरोंटोत लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा टोचलं. त्याआधी टाइप १ ची मुलं उपाशी ठेवून थोडे दिवस जगवायचे, बस.

आयसीएमआरचा २०२३ चा अहवाल. देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह. १३ कोटी ६० लाख सीमेवर.

पट्ट्या संपल्या. रांग संपली नव्हती.

१७ नोव्हेंबर

आजींच्या माहेरचा कुणीतरी येऊन गेला. पुडीतलं चूर्ण. महिनाभरात सुई सुटेल म्हणतो. आईचा चेहरा उतरलेला. पोर शाळेत गेली नव्हती.

इन्सुलिन बंद करायचं नाही, हे दारातून तीनदा बजावलं.

१८ नोव्हेंबर

दाराला कुलूप.

१९ नोव्हेंबर

फोन लागत नाही.

२० नोव्हेंबर

लागला. मामाच्या गावी. डोस अर्धा केलाय, चूर्ण सुरू आहे. शुगर ३८०. मी आवाज चढवला. आज संध्याकाळच्या आत घाटीत आणा, नाहीतर मी रिक्षा घेऊन येते.

आणलं. लघवीत कीटोन, म्हणजे रक्त पुन्हा आम्लधर्मी होण्याची सुरुवात. उलट्या नव्हत्या, एवढं नशीब. पूर्ण डोस पुन्हा सुरू. डॉक्टरांनी आजींना समोर बसवून एकच वाक्य सांगितलं. ही सुई थांबली की ही मुलगी थांबते.

२१ नोव्हेंबर

आजी बोलत नाहीत. पुडी कपाटावर तशीच.

संध्याकाळी मी तिथे असताना आजींच्या शेजारचे काका आले, औषध कंपनीतून निवृत्त झालेले. त्यांनी सहज सांगितलं. वोक्हार्टने २००३ मध्ये भारतात बनवलेलं मानवी इन्सुलिन बाजारात आणलं, वोसुलिन नावाने. त्यांचा बायोटेक कारखाना आपल्या वाळूजला. यीस्टच्या पेशीत माणसाचं जनुक घालून ते इन्सुलिन तयार करतात, पूर्वी डुकराच्या नाहीतर गाईच्या स्वादुपिंडातून काढत.

आजी म्हणाल्या, "आपल्याच गावाला बनतंय व्हय हे?" तेवढंच. पण आज पोरीची आई डोस भरत असताना बाटली आजींनी हातात धरली होती.

२२ नोव्हेंबर

पुडी मोरीत.

२४ नोव्हेंबर, सोमवार

हे तपासून आले. न सांगता, पाळी सुटल्यावर. उपाशीपोटी ११२. जेवणानंतर १७४. तीन महिन्यांची सरासरी ६.०. मधुमेह नाही. उपाशीपोटी १२६, जेवणानंतर २००, तीन महिन्यांची ६.५ ही हद्द. उपाशीपोटीची १०० च्या आत असती तर बरं होतं. हे मधल्या पट्ट्यात.

चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या २००६ च्या अभ्यासात अशाच सीमेवरच्या लोकांत फक्त आहार आणि चालण्याने मधुमेहाचं प्रमाण २८ टक्क्यांनी कमी झालं. वहीतलं वाक्य दाखवलं. "रात्रपाळीत चहा सोडता येत नाही," म्हणाले. साखर सोडता येते, म्हटलं.

डब्यात उद्यापासून भात कमी, मटकीची उसळ, दोन भाकरी. आठवड्याला १५० मिनिटं चालणं. विमानतळाच्या भिंतीकडेने, पाळीवरून येताना.

२६ नोव्हेंबर

पोरीच्या शाळेत. बाईंच्या टेबलावर कार्ड ठेवून आले. हात थरथरले, घाम आला, चिडचिड, गुंगी, तर साखर कमी झालीय. शुद्धीत असेल तर दोन-तीन चमचे साखर पाण्यातून, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ दवाखाना. खेळाच्या तासाला बाहेर बसवायचं नाही. लघवीला सोडायचं, विचारेल तेव्हा.

बाई म्हणाल्या, डब्यातलं गोड इतर मुलांनी दिलं तर? दिलं तर तिला विचारा, तिला हिशेब येतो.

येतो खरंच. भाकरी केवढी, डोस केवढा, ते आईबरोबर बोटांवर मोजते.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

शहरात डॉ. अर्चना सारडा यांची ‘उडान’ संस्था आहे, टाइप १ च्या मुलांसाठी. मायलेकी जाऊन आल्या. पोर सांगत होती, तिथे एक दादा कॉलेजात जातो, स्वतः टोचतो. आई सांगत होती, तिथल्या बायका रडत नव्हत्या.

कोथिंबीरवाली भेटली. टाच भरत आलीय. एक जुडी हातात कोंबली, पैसे घेतले नाहीत.

३० नोव्हेंबर

आजींची तीन महिन्यांची तपासणी आज कळली. ९.८. गोळ्या दोन प्रकारच्या, वर्षानुवर्षं. टाइप २ मध्येही स्वादुपिंड हळूहळू दमतं, एक दिवस गोळ्या पुरत नाहीत. डॉक्टरांनी रात्रीचं इन्सुलिन सुचवलंय.

आजी गंभीर झाल्या. सुई म्हणजे शेवट, असं मनात धरून आजवर गोळीला चिकटून होत्या. त्यांच्या नणंदेला सुई लागली आणि वर्षभरात ती गेली. मी म्हटलं, सुईने नाही गेली. सुई उशिरा लागली म्हणून गेली असेल. तिची किडनी, तिचे डोळे कुणी आधी तपासले होते का?

नात शेजारी बसून बोटाला टोचत होती. १४२. वहीत लिहिलं. मग आजीचा हात ओढला. आजींनी ओढू दिला. २८८.

१ डिसेंबर, सोमवार

पोर शाळेत. डबा, यंत्र, खिशात ग्लुकोजच्या गोळ्या.

हे सकाळी चालत आले. कॅन्टीनचा चहा बिनसाखरेचा घेतला म्हणाले, तोंड वाकडं करून.

गरोदर सुनेची पुन्हा तपासणी, जेवणानंतर ११४. आहारावर निभावतंय.

राहिलेलं: मिनी घाटीतून पट्ट्या. कोथिंबीरवालीचे डोळे तपासायचेत, पडद्यावर रक्त आहे का ते. एमआयडीसीतल्या रात्रपाळीवाल्यांसाठी तपासणी सकाळी ७ ला ठेवता येईल का, सिस्टरांना विचारायचं. ते दुपारी झोपलेले असतात, कधीच सापडत नाहीत.

आजी म्हणाल्या, गुरुवारी बघू डॉक्टरकडं. गुरुवारची रिक्षा सांगून ठेवलीय. सकाळी नऊला.