घरशिक्षणाच्या मेळाव्यात

पुण्यात मुलांना घरीच शिकवणाऱ्या पालकांच्या मेळाव्याला पहिल्यांदाच गेलो. वाटेत भिडे वाड्याच्या जागेपाशी थांबलो. जोतीराव-सावित्रीमाईंनी १८४८ साली तिथे मुलींची शाळा काढली. वाडा २०२३ मध्ये पाडला. ज्या दारासाठी आपले पूर्वज झगडले, ते ही मंडळी आपणहून लावतात, याचा राग होताच. बहुतेक पालक मोटारीतून आलेले. मुले मात्र धीट. मुक्त विद्यालयातून दहावीला बसता येते म्हणे.

जेवताना शेजारच्या बाईंनी हळूच 'जयभीम' केला. शिष्यवृत्तीवरून वर्गात टोमणे ऐकून मुलगी अबोल झाली, म्हणून शाळेतून काढली. "दादा, माझं चुकलं का?"

साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेब गोणपाटावर बसून शिकले, हे ओठांवर आले होते. समोर ती मुलगी मोठ्याने वाचत होती. मी ताटाकडे पाहत राहिलो.