खुंटी काढताना

घर सोडून जाणारा माणूस सामानाची यादी करतो, पितळेची भांडी मोजून पोत्यात भरतो, ट्रंकांना कुलपे घालतो. भिंतींतली भोके मात्र तो कधी मोजीत नाही. ती दिसू लागतात सामान गाडीत चढल्यावर. तसबिरी उतरतात, घड्याळ उतरते, देवघराची फळी उतरते, आणि इतकी वर्षे ज्यांच्यावर संसार टांगला होता त्या खिळ्यांची व खुंट्यांची उघडी रांग आपल्याकडे पाहत राहते. ज्यांच्या कुलदेवतांनी सोळाव्या शतकात साष्टी आणि तिसवाडी सोडून अंत्रुज महाल गाठला, त्या आपल्या समाजाला बिऱ्हाड हलविणे नवे नाही. परंतु मागे राहणाऱ्या भिंतीचे आपण काय देणे लागतो, हा प्रश्न निघण्याच्या घाईत फारसा कोणी विचारीत नाही.

कायद्याने तो विचारला आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या १०८ व्या कलमाप्रमाणे भाडेकरूने जागेत जे जे पक्के बसविले असेल ते ताबा असेपर्यंत त्याला काढून नेता येते. ताबा सुटला की तो हक्कही सुटला. मात्र या हक्काला तेथेच एक अट जोडलेली आहे : जागा ज्या स्थितीत मिळाली त्या स्थितीत ती ठेवून जावी. वाजवी वापराने होणारी झीज आणि माणसाच्या आवाक्याबाहेरची आपत्ती, एवढ्यांनाच काय ती सूट. अनामत रकमेवरून पेटलेली भांडणे मी पुष्कळ पाहिली आहेत. भांडणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्या तरतुदीचा पूर्वार्ध पाठ असतो. उत्तरार्ध वाचून दाखविला की ते आश्चर्याने पाहू लागतात. काढण्याचा हक्क आणि बुजविण्याचे कर्तव्य ही एकाच खुंटीची दोन टोके आहेत.

जुन्या चिरेबंदी घरांत हा प्रश्न उद्भवत नसे. भिंत हातभर जाड. लाकडी खुंटी भिंत बांधतानाच बसे आणि घराबरोबरच म्हातारी होई. पुढे विजेचे दिवे आले, आणि तयार भिंतीत काहीतरी पक्के बसविण्याची गरज निर्माण झाली. १९११ च्या सुमारास लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये भिंतींना इजा न करता विजेची उपकरणे बसविण्याचे काम जॉन जोसेफ रॉलिंग्ज यांच्याकडे आले. त्यांनी तागाच्या तंतूंची एक बारीक नळी तयार केली. आपला मिस्त्री आजही ‘रावलप्लग’ म्हणतो तो यांच्याच नावावरून. १९५८ साली जर्मनीत आर्टुर फिशर यांनी तीच कल्पना नायलॉनमध्ये उतरविली. स्क्रू आत शिरतो, नळी फुगते आणि भोकाला आतून घट्ट धरते. तिचे सारे बळ या फुगण्यात आहे.

म्हणूनच ती काढताना बळापेक्षा युक्ती हवी. स्क्रू सगळा काढून घेतला तर पकडीला धरायला काही उरत नाही. तो चार आटे पुन्हा आत फिरवावा, पकडीने त्याचे डोके धरावे, आणि किंचित हलवीत सरळ रेषेत ओढावे; स्क्रूच्या पाठोपाठ नळी बाहेर येते. कचेऱ्यांतून हल्ली जिप्समच्या फळ्यांच्या ज्या आडभिंती उभारतात, तेथे न्याय उलटा. अर्ध्या इंचाच्या फळीमागे नुसती पोकळी असते आणि नळीला आत पंख फुटलेले असतात. ती ओढली की सुपारीएवढ्या भोकाचे बशीएवढे भगदाड होते. तेथे तिची बाहेरची कड छाटावी आणि तिला आत ढकलून द्यावे. पोकळीत पडून ती कोणाचे काही बिघडवीत नाही.

खरी परीक्षा पुढे आहे. उतावळा माणूस भोकाच्या तोंडाशी बोटभर लांबी फासतो, वरून रंग फिरवतो, आणि मालकाला किल्ली देतो. आतली धूळ आतच राहते, लांबीला धरायला जागा सापडत नाही, आणि काही दिवसांनी तो तुकडा टिकलीसारखा गळून पडतो. भोक आधी झाडावे, फुंकून धूळ काढावी, पाणी शिंपडून ओले करावे. पहिला थर तळापर्यंत दाबून भरावा आणि वाळू द्यावा. वाळताना तो आकसतो. मग दुसरा थर द्यावा, तोही वाळला की पॉलिशपेपरने घासून सपाट करावा, आणि मगच रंगाला हात लावावा. जुन्या चुन्याच्या भिंतीत चुनाच भरावा. सिमेंट चुन्यापेक्षा कठीण आणि दाट. भिंतीतली ओल त्यातून वाट काढू शकत नाही, आणि सांध्याशी चीर पडते. प्लास्टर ऑफ पॅरिस तर ओलीने मऊ पडते, आणि गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. भोक कशाने भरावे हे असे भिंतीला विचारून ठरवावे लागते. तडजोडीच्या अर्जांचेही असेच असते. वरवर लिंपलेला समेट पहिल्या पावसाळ्यात सुटतो.

मडगावचे भाड्याचे घर सोडताना आम्ही अशी सतरा भोके बुजविली. उरले ते बैठकीच्या स्लॅबमधले चार आकडे. २०१३ च्या चतुर्थीला, त्या घरातल्या आमच्या पहिल्याच चवथीला, मालकांना विचारून वडिलांनी ते माटोळीसाठी बसवून घेतले होते. नारळ, सुपारीची शिपटी, केळ्यांचे घड, चिबूड, तोरंजन, आंबाडे, कवंडळे, एवढा सगळा रानमेवा गणपतीच्या डोक्यावर त्या चार आकड्यांनी पेलला. वडील आता नाहीत. पोलादी कवच आत राहू देऊन आकडे तेवढे फिरवून काढता येतात. ते त्यांची आठवण म्हणून बरोबर न्यावेत, असे माझ्या मनात होते. कायदा माझ्या बाजूचा होता.

आई पाहत होती. ती म्हणाली, “पुता, ते आंकडे उरूं दी. फुडल्या चवथीक हांगा दुसरो कोण माटोळी बांदतलो.”

वडिलांची आठवण तिला माझ्याहून कमी होती असे कोण म्हणेल? पण त्या आकड्यांकडे ती निराळ्या नजरेने पाहत होती. १०८ व्या कलमाच्या अगदी आरंभीच म्हटले आहे की, विरुद्ध करार किंवा स्थानिक रूढी नसेल तरच पुढचे नियम लागू. तो मसुदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे माटोळी खासच नव्हती. तरी रूढीला त्यांनी दारातच पाट मांडून ठेवला आहे. रूढीचा दाखला देऊन दुसऱ्याच्या स्लॅबवर मत चालविणे मात्र वकिलाला शोभले नसते. मी मालकांना विचारले. त्यांनी आनंदाने होकार दिला.

आपल्या सोयीसाठी पाडलेले भोक आपण तळापर्यंत भरून द्यावे, आणि येणाऱ्याच्या उपयोगी पडेल ते विचारून मागे ठेवावे, एवढाच हा हिशेब आहे. किल्ली देण्यापूर्वी आईने मला स्टुलावर चढविले, हातात खोबरेलाची वाटी दिली, आणि चारी आकड्यांना तेलाचे बोट लावून घेतले. गंज चढू नये म्हणून.