मेणखडूचा चंद्र

सहस्रचंद्रदर्शनाचा हिशोब मीं वर्गांत कितीतरी वेळां फळ्यावर करून दाखविला असेल. एका पौर्णिमेपासून दुसऱ्या पौर्णिमेपर्यंत सरासरी २९.५३ दिवस जातात. त्यास हजारानें गुणून वर्षांचे दिवस काढले, कीं सुमारें ८० वर्षें १० महिने एवढें उत्तर येतें. मुलांना हें उदाहरण आवडे, कारण उत्तर वहींत आलें तरी शेवटीं तें कोणाच्या तरी आजीपर्यंत जाऊन पोंचे. परंतु तेंच उत्तर स्वतःच्या आईला येऊन भिडलें, तेव्हां मात्र मी क्षणभर चकित झालों. आई म्हातारी झाली आहे हें रोज दिसत होतें. गणितानें तें सिद्ध केल्यावर निराळेंच वाटलें.

ज्येष्ठांत कार्य करावयाचें ठरलें, आणि जेवणें आटोपल्यावर घरांतील मंडळींची सभा भरली. माझे चिरंजीव म्हणाले, आमंत्रणें व्हॉट्सॲपवर धाडूं, एका मिनिटाचें काम. धाकट्या भावाचें मत छापील पत्रिका काढाव्या असें पडलें. ह्या दोन पक्षांत रस्सीखेच चालू असतांना माझी नऊ वर्षांची नात मनू मध्येंच म्हणाली, "पणजीच्या कार्डांवर मी चंद्र काढणार." शाळेला सुट्टी लागलेली, मीहि गेल्याच वर्षीं शाळेंतून निवृत्त झालेला. घरांतील दोन रिकामीं माणसें एकाच कामावर गेलीं तर बाकीच्यांना सुख होईल, असा पोक्त विचार करून सुनबाईंनीं ठराव मंजूर केला. अगदीं जवळच्या मंडळींसाठीं चाळीस कार्डें हातानें करावयाचीं, व इतरांना चिरंजीवांनीं एका मिनिटांत बोलवावयाचें.

पुण्यांत शिवाजीनगरला १९४० सालीं स्थापन झालेली हातकागद संस्था आहे. तेथून जाड, किंचित् खरबरीत कागद आणला. मनूनें गडद निळा मेणखडू घेऊन पहिलें आभाळ रंगविलें. चंद्राची जागा तिनें कोरी ठेवली होती, हें चांगलें. पण कोरेपणा तेवढ्यावर थांबला नव्हता. कागदाच्या प्रत्येक खळग्यांत पांढरा ठिपका राहिला होता. आभाळाला देवी येऊन गेल्यासारखें दिसत होतें. तिनें खडू आणखी दाबला. खडू मोडला, ठिपके तसेच राहिले, आणि तिचे डोळे भरून आले.

त्या ठिपक्यांकडे पाहतांना मला एकाएकीं रॉकेलचा वास आला. खरोखरीचा नव्हे, पंचेचाळीस वर्षांपूर्वींचा.

मी लहान असतांना दिवाळीचीं भेटकार्डें आमच्या घरांत दादा करीत असे. दादा माझ्याहून तीन वर्षांनीं मोठा. मेणखडूंची बारा रंगांची पेटी आम्हां दोघांत एक. तींतला तांबडा रंग नेहमीं संपलेला. एके वर्षीं त्यानें स्टोव्ह पेटवायच्या काकड्याचें रॉकेल बोटावर घेऊन रंगविलेल्या कागदावर फिरविलें, आणि आमच्या डोळ्यांदेखत खडूच्या रेघा विरघळून एकजीव झाल्या. पिवळा व तांबडा ह्यांच्या सीमेवर आपोआप शेंदरी उगवला. रॅशनवर मोजून मिळणारें रॉकेल चित्रांवर उधळलें म्हणून वडिलांनीं दोघांनाहि बदडलें. त्या दिवाळींत साऱ्या आप्तेष्टांच्या घरीं गेलेल्या शुभेच्छांना मात्र घासलेटाचा घमघमाट होता. एका आत्यानें तर उलट टपालीं विचारलें होतें, कीं तुमच्याकडे कांहीं पेटलें तर नाहीं ना?

पुढें मी रसायनशास्त्र शिकलों आणि दादाच्या बोटाला काय ठाऊक होतें तें मला पुस्तकांतून कळलें. मेणखडू म्हणजे बहुतांशीं पॅराफिन मेण व त्यांत कालविलेली रंगाची पूड. रंगीत पेन्सिलींतहि ती पूड मेणानें किंवा तेलानें बांधलेली असते. हें मेण पाण्याला दाद देत नाहीं. परंतु रॉकेल, टर्पेंटाइन, रंगारी वापरतात तें थिनर, हीं सारीं मेणाच्याच गोत्रांतलीं. तीं त्याला सहज आपल्यांत घेतात. बांधणारें मेण सैल झालें कीं रंगाची पूड मोकळी होऊन खळग्यांत उतरते. मग द्रव उडून जातो आणि रंग तेथेंच बसतो. खोबरेल तेलानेंहि थोडें साधतें, पण तें उडत नाहीं, कागदावर कायमचा तेलकट डाग ठेवून जातें.

आज आमच्या घरांत रॉकेल औषधालाहि नाहीं. म्हणून रंगाच्या दुकानांतून चिडाच्या राळेपासून काढतात तें टर्पेंटाइन आणलें. तें ओतण्यासाठीं समोर दिसला तो थर्मोकोलचा पेला घेतला. पांच-सात मिनिटांत पेल्याचा तळ मऊ पडला, आणि टर्पेंटाइन टेबलावरून माझ्या धोतरावर उतरलें. ज्या मास्तरानें हजारों मुलांना विद्राव्यता शिकविली, त्याच्या हातून हें घडावें! मनू इतकी हंसली कीं मोडलेल्या खडूचें दुःख ती पार विसरली. तेव्हांपासून कांचेची वाटी आली.

वास स्वयंपाकघरापर्यंत गेला, व आई काठी टेकीत बाहेर आली. "रंगारी आला आहे का रे घरांत?" तिनें विचारलें. देवघरांत नंदादीप तेवत असतो. टर्पेंटाइनची वाफहि पेट घेते, आणि कोंडलेल्या खोलींत तिनें डोकें दुखतें. तिचें म्हणणें रास्त होतें. आम्ही सारा संसार उचलून मागच्या गॅलरींत नेला. वाटींत हात फक्त माझा, रंगांत दोघांचा, असा नियम ठरला. वापरलेला कापूस घरांत न ठेवतां झांकणाच्या डब्यांत टाकावयाचा, असाहि.

आईला मात्र हा 'रंगाऱ्याचा वास' मंगल कार्यांत पटेना. तेव्हां मीं तिच्या देवघरांतील लक्ष्मीकडे बोट दाखविलें. तिच्या सासूबाईंच्या वेळचें तें रविवर्म्याचें चित्र. राजा रविवर्म्यानें १८९४ मध्यें मुंबईस छापखाना काढला व पुढें तो लोणावळ्याजवळ मळवलीस नेला. तेथें शिळाछापावर चित्रें निघत. बव्हेरियांतील सेनेफेल्डर नांवाच्या गृहस्थानें १७९६ च्या सुमारास शोधलेली ही युक्ति. दगडाच्या पाटीवर मेण व चरबी घातलेल्या खडूनें चित्र काढावयाचें, त्यावर डिंकाचें आम्लयुक्त पाणी द्यावयाचें, आणि मग चक्क टर्पेंटाइननें तें चित्र पुसून टाकावयाचें. डोळ्यांना दगड कोरा दिसतो, परंतु स्निग्धता दगडांत उतरलेली असते. शाईचा रूळ फिरला कीं चित्र पुन्हां उगवतें. आईनें हें सारें शांतपणें ऐकून घेतलें व म्हणाली, "म्हणजे लक्ष्मी ह्याच वासांतून आली म्हणतोस?" मग तिनें खुर्ची गॅलरीच्या दाराशीं ओढून घेतली.

आणि खरी अडचण तिनेंच सोडविली. रंग जिरवण्यासाठीं आम्ही कान कोरण्याच्या कापसाच्या काड्या घेतल्या होत्या. त्यांचा कापूस सुटून आभाळांत तंतू चिकटत. चित्रकार ह्यासाठीं कागदाची घट्ट सुरळी वापरतात, ती आमच्याकडे नव्हती. आईनें आमची धडपड थोडा वेळ पाहिली, मांडीवर कापूस घेतला, आणि बोटांना राख लावून एक वात वळली. समईच्या वातीहून जाड व बोटभर लांब, दोरीसारखी पीळदार. तिच्या टोंकाला मोजून थेंबभर टर्पेंटाइन लावलें, तर रंग असा सरकला कीं मनूनें श्वास रोखून धरला. साठ वर्षें वाती वळलेल्या बोटांना सुरळीचें शास्त्र कोणी शिकवावयाला नको होतें. त्या आठवड्यांत तिनें देवासाठीं जितक्या वाती वळल्या, तितक्याच चंद्रासाठीं वळल्या.

ज्यांना हा उद्योग करून पाहावयाचा असेल त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगतों. आरंभ फिक्या रंगापासून करावा. आम्ही चंद्राच्या कडेला पिवळसर पेन्सिल, मग फिकट निळी, मग खडूचा गडद निळा, आणि कोपऱ्यांत जांभळ्यावर काळ्याचा हलका हात, असें गेलों. वात नेहमीं उजेडाकडून अंधाराकडे न्यावी. उलट नेली तर चंद्राला काजळी लागते. एक थर जिरवल्यावर वाळूं द्यावा, मगच दुसरा चढवावा. मेणाचे थर फार झाले तर कागद पुढें रंग घेत नाहीं, आणि कांहीं दिवसांनीं गडद भागावर पांढुरकी झांक येते. ती मऊ फडक्यानें हलके पुसली कीं जाते. शाईनें लिहावयाचा मजकूर मेणाच्या जागेवर लिहूं नये. मीं हौसेनें आभाळावर आईचें नांव लिहावयास गेलों, तर शाई अळवावरच्या पाण्यासारखी गोळा झाली.

एकोणतीस कार्डें झालीं, आणि यादींत दादाचें नांव आलें.

आमचें कोंकणांतलें घर विकण्यावरून दादाचें व माझें बिनसलें, त्याला नऊ वर्षें झालीं. कोण चुकलें तें येथें सांगत नाहीं. मी सांगितलें तर मी बरोबर ठरेन, त्यानें सांगितलें तर तो. तो नाशिकला असतो, दर रविवारीं आईला फोन करतो. आई बोलते त्या वेळीं मी उठून बाहेर जातों. कार्याला त्याला बोलवावयाचें ह्याविषयीं घरांत दुमत नव्हतें. परंतु बोलवावयाचें कोणी, हा विषय कोणी काढलाच नव्हता.

तें कार्ड मी एकटाच रात्रीं करावयास बसलों. मनू निजली होती. कां कोण जाणे, हात नेहमीसारखा चालेना. वात जरा जास्त भिजली असावी. थेंब ओघळला, आणि कागदाच्या धाग्यांतून सरकत निळा रंग चंद्राच्या कोऱ्या जागेच्या कडेला जाऊन थांबला. वाळला तेव्हां तेथें फिकट निळें कडें उमटलें होतें, पुसूनहि जाईना. दुसरें कार्ड करावें तर मनांत पुन्हां तीं वाक्यें जुळविण्याचें बळ उरलें नव्हतें. आंत मीं एवढेंच लिहिलें होतें, 'आईचें कार्य आहे. तूं यावेंस.'

सकाळीं आईनें तें कार्ड डोळ्यांजवळ नेऊन पाहिलें. मी म्हणालों, हें बिघडलें आहे, दुसरें करतों. ती म्हणाली, "बिघडलें कुठें? खळें पडलें आहे चंद्राला. पाऊस येईल." वैशाख संपत आला होता, सारें घर उकाड्यानें हैराण होतें. तिनें कार्ड स्वतः पाकिटांत घातलें, आणि मला चपला घालून टपालांत टाकून यावयास सांगितलें.

चौथ्या दिवशीं दुपारीं आईचा फोन वाजला. रविवार नव्हता. ती दोन वाक्यें बोलली असेल-नसेल, तोंच तिनें फोन माझ्यापुढें धरला. "घे. तुला मागतो आहे."

मीं तो कानाला लावला. बराच वेळ कोणीच बोललें नाहीं.

"चंद्राला खळं मुद्दाम पाडलंस, कीं हात घसरला?" दादानें विचारलें.

"घसरला."

"वाटलंच मला. रॉकेल जास्त घेतलं असशील."

"रॉकेल कुठं मिळतं आतां? टर्पेंटाइन आहे."

"तरी वास निराळा आला म्हटलं." तो पुन्हां थांबला. "किती कार्डं राहिलीं आहेत अजून?"

"दहा."

"तीं राहूं देत. मी शनिवारीं सकाळच्या गाडीनं येतों. तोंवर आभाळाला हात लावूं नकोस."