न ऐकणारी ओपल

ओपल आमच्या एडिसनच्या घरी आली तेव्हा जेमतेम आठ आठवड्यांची होती. फिकट पिवळी लॅब्रेडॉर, अंगाच्या मानाने पंजे भलतेच मोठे. नाव आम्ही ठेवलेलं नव्हतं. न्यू जर्सीतल्याच मॉरिसटाउनची ‘द सीइंग आय’ ही संस्था अंधांसाठी मार्गदर्शक कुत्री तयार करते. तिथे एका वेतातल्या सगळ्या पिल्लांची नावं एकाच अक्षराने सुरू होतात. वर्षभर सांभाळायचं, माणसांत वावरायला शिकवायचं आणि परत द्यायचं, या बोलीवर ती मिळाली होती.

आपल्या ताटातलं तिला काही द्यायचं नाही, हा नियम साताऱ्याहून आलेल्या माझ्या आईला मुळीच पटला नाही. “एवढंसं लेकरू ते! चपातीच्या तुकड्यानं काय बिघडतंय गं?”

“उद्या हॉटेलात मालक जेवत असताना तिला टेबलाखाली पडून राहायचंय, आई.”

आई गप्प बसली. पण जेवणाच्या वेळी ओपल नेमकी तिच्याच पायावर हनुवटी टेकून बसायची, याचा अर्थ मी काढायचा तो काढला.

चालण्याची तऱ्हा वेगळी. इतर कुत्र्यांना मालकाच्या पायाशी चालायला शिकवतात; हिने डाव्या बाजूने, पट्टा किंचित ताणून पुढे चालायचं. पुढे हार्नेसच्या दांड्यातून हाताला जाणवणाऱ्या त्या ओढीवरच माणूस चालणार असतो. ओक ट्री रोडची गर्दी, लिफ्ट, जिने, आगगाडीचा धडधडाट, सगळं तिच्या अंगवळणी पाडलं. शिस्त मात्र एकच: सांगितलं की ऐकायचं. ‘बस’ म्हटलं की समोरून खार गेली तरी बसायचं. शेपटी जमिनीवर आपटत, नाक फेंदारत ती बसायची.

मग ती संस्थेत परत गेली. काही महिन्यांच्या प्रशिक्षणानंतर आम्हांला तिचं काम बघायला बोलावलं. अट अशी, की लांबून मागे चालायचं, हाक मारायची नाही.

मॉरिसटाउनच्या चौकात मॉरिस फ्रँक आणि त्याच्या ‘बडी’ या मार्गदर्शक कुत्रीचा पुतळा आहे. नॅशव्हिलचा हा अंध तरुण 1928 मध्ये स्वित्झर्लंडला कुत्र्यांना प्रशिक्षण देणाऱ्या डोरोथी युस्टिसकडे गेला, बडीबरोबर चालायला शिकला आणि परतल्यावर न्यूयॉर्कचा गजबजलेला रस्ता वार्ताहरांसमोर ओलांडून दाखवला. पुढच्याच वर्षी ही संस्था निघाली.

ओपल प्रशिक्षकाबरोबर फुटपाथवरून ऐटीत चालली होती. कोपऱ्यावर ती थांबली. कुत्र्याला सिग्नल वाचता येत नाही; वाहनांचा कानोसा घेऊन कधी निघायचं ते माणूसच ठरवतो. प्रशिक्षक म्हणाला, “फॉरवर्ड.” तेवढ्यात एक गाडी वळून समोर आली. ओपल जागची हलली नाही. त्याने हुकूम पुन्हा दिला, तरी ती ढिम्म. उलट आडवी होऊन तिने त्याची वाटच अडवली. गाडी गेल्यावर मात्र आपण होऊन सरळ झाली.

आम्ही वर्षभर तिला ऐकायला शिकवलं. कधी ऐकायचं नाही, ते तिथे शिकवलं. पहिलं पक्कं असल्याशिवाय दुसरं शिकवता येत नाही, असं प्रशिक्षक नंतर म्हणाला.

रात्री आईने साताऱ्याला फोन लावला. “ओपल नोकरीला लागली बरं का! साहेबाचं ऐकत नाही, म्हणूनच घेतली तिला.”