गढीवरचा राखणदार

आमच्या गावाच्या मधोमध पांढऱ्या मातीची गढी होती. बुरूज ढासळलेले, आत घाणेरीचं रान. तिथं पुरलेल्या हंड्यांवर नाग बसलाय, हे गावात पोराटोरांनाही ठाऊक. इतका म्हातारा की अंगावर केस आलेत, डोक्यात मणी आहे. रात्री तो मणी काढून ठेवतो न् त्याच्या उजेडात चरतो. बघितला कुणीच नव्हता, पण आजी वर्णन करायला लागली की आम्ही पोरं एकमेकांना चिकटून बसायचो. पुढं एका सर्पमित्रानं सांगितलं, कात नीट निघाली नाही अन् डोक्याला चिकटून राहिली, की लांबून केसांसारखी दिसते. आजी असती तर तिनं त्यालाच वेड्यात काढलं असतं.

या नागाचा खरा धाक होता तो डूख धरण्याचा. पंचमीची कहाणी घरोघर सांगितली जायची. शेतकऱ्याच्या नांगराखाली नागाची पिल्लं मरतात, नागीण सगळ्या घरादाराला डसते, मग परगावी दिलेल्या लेकीकडं जाते. लेकीनं पाटावर गंधाचा नाग काढून दूध-लाह्या ठेवलेल्या असतात. नागीण निवते, अमृत देते, मेलेली माणसं उठून बसतात. त्यावर सिनेमानं कळस चढवला. १९७६च्या ‘नागिन’मध्ये जोडीदाराला मारणाऱ्यांना रीना रॉय एकेक करून टिपते. १९८६ला श्रीदेवीचा ‘नगिना’ आला, तो आमच्या जत्रेत तंबूत लागला तेव्हा बायका पदर तोंडाला लावून बघत होत्या. पुंगी वाजली की पुढं बसलेली दोघं-तिघं हमखास डुलायला लागायची. खऱ्या सापाला बाहेरचा कान नसतो, तो पुंगीच्या हालण्याकडं बघून डुलतो; पण तंबूत हे कोण ऐकणार?

त्याच उन्हाळ्यात चुलत्यांच्या थोरल्यानं, आमच्या दादानं, गढीची माती गाडीत भरून आणली. धाब्याच्या घरावर पावसाआधी पांढरी टाकावीच लागते, सगळेच आणायचे. मिरगाचा पाऊस पडून गेल्यावर एका रात्री तो पडवीत घोंगडी टाकून झोपला. पहाटे पोट धरून उठला. काकूनं ओवा चावायला दिला. दिवस वर आला तशा त्याच्या पापण्या मिटायला लागल्या, बोलणं बोबडं झालं. अंगावर दाताची खूण कुठं दिसेना.

“गढी उकरली त्यानं. राखणदारानं डूख धरला,” कुणीतरी म्हणालं, आणि तेवढं पुरलं.

त्याला मारुतीच्या देवळात नेलं. लिंबाचा पाला चारला, कडू लागतो का विचारलं. त्याला गिळवेना. चुलते आडवे पडून मारुतीला म्हणत होते, “देवा, माती परत न्हेऊन टाकतो, पोराला सोड.” देवळातली माणसं दाराकडं बघत होती. कहाणीतली नागीण उलटून येते, हे सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलेलं होतं. जीप मिळवून तालुक्याला निघाले तेव्हा दुपार झाली होती. त्याचा श्वास वाटेतच थांबला.

दुसऱ्या दिवशी पडवीच्या कोपऱ्यातल्या सरपणात मण्यार निघाली. काळी, अंगावर पांढरे बारीक पट्टे, हातभर लांब. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दात इतके बारीक की खूण दिसत नाही, सूज नाही, झोपेतल्याला पुष्कळदा कळतही नाही. सकाळी पोट दुखतं, मग पापण्या जड होतात, शेवटी श्वास बंद पडतो. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच लस चालते. ती वेळेत टोचली न् श्वासाला यंत्राचा आधार मिळाला तर माणूस वाचतो. हे आम्हांला नंतर समजलं. गावात मण्याराची गोष्टच नव्हती. सगळी भीती गढीवरच्या नागाला वाहिलेली.

मण्यार दाखवल्यावरही म्हातारी माणसं म्हणायची, “त्यानंच धाडली असंल तिला.”

चुलत्यांनी त्यानंतर गढीकडं कधी गाडी नेली नाही. धाबं दोन पावसाळे गळत राहिलं, मग पत्रे टाकले. काकू पंचमीला अजून पाटावर गंधानं नाग काढते, नऊ नागकुळं काढते, दूध-लाह्या ठेवते. आणि रात्री नातवंडं बाजेवर झोपली की मच्छरदाणी चहूबाजूंनी गादीखाली खोचून, खाली वाकून बॅटरी मारून बघते.