ओर्क जादूगारीण

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ ह्या फासे टाकत गोष्ट रचायच्या खेळाचे 2014 चे नियम मला जवळजवळ पाठ होते, त्यामुळे 2024 च्या नव्या आवृत्तीबद्दल मनात आढीच होती. 2025 च्या गणपतीत ती दासगावला नेली. जागरणाला पडवीत मोठ्यांचा मेंढीकोट रंगलेला आणि पलीकडे पोरं मोबाइलवर. तीच धरून बसवली.

पुतणीला ओर्क व्हायचं होतं, आणि तीही जादूगारीण. जुन्या नियमांत अर्ध-ओर्काला जन्मानेच ताकद आणि काटकपणा वाढवून मिळे, बुद्धीच्या नावाने काही नाही. जादूच्या वाटेला गेलेला अर्ध-ओर्क एल्फाच्या मागेच राही. नव्या पुस्तकात हे वाढीव गुण जन्मावर नाहीत. आधी काय करत होतात, त्यावर आहेत. शेतकरी, खलाशी, लेखनिक, पहारेकरी, काहीही. तिने ‘विद्वान’ निवडलं, बुद्धीत दोन गुण घातले आणि काम झालं.

“काका, आधीचा नियम केला तरी कोणी?” तिने विचारलं. त्याहून आधीचा सांगितला: 1974 च्या पहिल्या पुस्तकात ड्वॉर्फाने फक्त लढवय्या व्हायचं, आणि तोही सहाव्या पातळीपर्यंतच. पोरं चिडली. डिसेंबर 1927 मध्ये महाडच्या परिषदेला जाताना बाबासाहेब ज्या दासगाव बंदरात उतरले, तिथल्या पोरांना ह्यावर वेगळं भाष्य नको होतं.

गोष्ट मी खाडीवरच रचली: तर अडवून बसलेला राक्षस. डोंगर मात्र जागचा हलू दिला नाही. जुलै 2005 मध्ये इथे दरड कोसळून माणसं गेली आहेत. त्यावर खेळ करायचा नसतो.

धाकट्या पुतण्याच्या हाती मोठी तलवार. प्रत्येक शस्त्राला आता स्वतःची करामत आहे. ह्या तलवारीचा वार हुकला तरी समोरच्याला थोडं खरचटतंच. जुन्या खेळात फासा कमी पडला की लढवय्या हात चोळत पुढच्या पाळीची वाट बघे. हा पोरगा सारखा हुकत होता, पण उठून गेला नाही. माझी आढी तिथेच निम्मी गेली. मधेच तात्या डोकावले, वीस पैलूंचा फासा उचलून म्हणाले, “ह्यात हुकूम कुठला?” टाकला, दोन आले, परत पत्त्यांकडे.

तक्रारही आहे. करामती लक्षात ठेवताना पाळी लांबते. आणि जखम भरणारा मंत्र एकाऐवजी दोन आठपैलू फासे टाकतो. औषधाची कुपीही हल्ला करून वर त्याच पाळीत पिता येते. राक्षसाने कितीही बडवलं तरी मंडळी टुणकन उठून उभी. मरणाची धास्तीच नसेल तर खाडी ओलांडण्यात मजा काय?

शिमग्याला पुढचा भाग ठरलाय. तेव्हा तो मंत्र मी गुपचूप एका फाशावर आणणार आहे. पुतणी पुस्तक वाचते, हीच काय ती अडचण.